काच पांढरी झाली म्हणजे ऊन अडलं असं नाही

प्रश्न दोन आहेत आणि ते एकाच घरातले आहेत. बडोद्याच्या दांडिया बाजारात फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवणाऱ्या एका ताईंना तपासणीची खोली आणि बाहेरची बसायची जागा यांच्यामध्ये बटणावर पांढरी होणारी काच बसवायची आहे. तशीच काच रस्त्याकडच्या पश्चिमेच्या खिडकीला लावली तर दुपारचं ऊनही अडेल, असं त्यांना विकणाऱ्याने सांगितलं आहे. ते खरं का, हा त्यांचा प्रश्न. त्यांचा बारावीतला मुलगा विचारतो, "या काचेत लिक्विड क्रिस्टल आहे म्हणतात. पण एलसीडीला पुढे-मागे दोन पोलरायझर लागतातच, मग इथे ते कुठे आहेत?" (लिक्विड क्रिस्टल म्हणजे द्रवासारखं वाहणारं, पण ज्यातले रेणू एका रोखाने उभे राहतात असं रसायन. एलसीडी म्हणजे त्याचा डिस्प्ले. आणि पोलरायझर म्हणजे ठरावीक एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पट्टी.)

ताई, आधी मुलाला उत्तर देतो. तुमचं उत्तर त्यातूनच निघेल. मी बावीस वर्षं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, काचेच्या पोटात या फिल्म घालून देण्याचं काम करतो. त्याआधी एम.एस. युनिव्हर्सिटीतून फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं. त्यामुळे थोडं मास्तरकीचं वळण येईल, चालवून घ्या.

मुलाचं पुस्तक चुकीचं नाही. मनगटी घड्याळ, कॅल्क्युलेटर, डिजिटल मीटर यांतला डिस्प्ले बहुतेक वेळा ट्विस्टेड नेमॅटिक जातीचा असतो. शाट आणि हेल्फरिश या जोडीने तो १९७०-७१ मध्ये काढला. त्यात लिक्विड क्रिस्टलचे लांबट रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जाताना ९० अंशांत पीळ घेतात आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा आपल्याबरोबर वळवतात. व्होल्टेज दिलं की पीळ उलगडतो. पण नुसती कंपनाची दिशा वळली तर आपल्या डोळ्याला काहीच कळत नाही. ते कळावं म्हणून पुढे एक आणि मागे एक पोलरायझर लावायचा. म्हणजे रेणू फक्त दिशा फिरवतात, खरा दरवान पोलरायझर. आणि हा दरवान फार खाऊ आहे. साध्या प्रकाशातला निम्मा भाग तो पहिल्या उंबऱ्यावरच गिळतो, प्रत्यक्षात निम्म्याहूनही थोडा जास्त. घड्याळाला हे परवडतं. खिडकीला परवडत नाही, कारण मग काच 'स्वच्छ' असतानाही घरात कायम गॉगल घालून बसल्यासारखं होईल.

आता गंमत बघा. बाजारात आलेले पहिले लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले पोलरायझरशिवायच होते. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनी जगाला दाखवला तो 'डायनॅमिक स्कॅटरिंग'चा डिस्प्ले. दोन पारदर्शक इलेक्ट्रोडांमध्ये लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर, त्यात मुद्दाम थोडे आयन सोडलेले. व्होल्टेज दिलं की आयन धावतात, त्यांच्या धावण्याने थरात भोवरे उठतात, रेणूंची शिस्त मोडते आणि स्वच्छ दिसणारा थर ताकासारखा गढूळ होतो. १९७३ चा शार्पचा ईएल-८०५ हा खिशातला कॅल्क्युलेटर याच तत्त्वावर चालायचा. पण यात सतत प्रवाह वाहतो, बॅटरी खर्च होते, आणि आयनांच्या येण्या-जाण्याने द्रव खराबही होत जातो. ट्विस्टेड नेमॅटिकला जवळजवळ प्रवाहच लागत नाही. म्हणून घड्याळवाल्यांनी पोलरायझरशी लग्न लावलं आणि पुढे पुस्तकांत तेवढंच लग्न छापून आलं.

तुमच्या काचेची जात मात्र तिसरीच. ती कळायला प्रयोगशाळा नको, लिल्या चिवड्याची पुडी पुरे. बडोद्यात ती कोणाच्या घरात नसते! कागदाच्या पुडीवर तेलाचा डाग पडतो तिथे कागद पारदर्शक होतो आणि खालची अक्षरं दिसू लागतात. तेलाने कागदातून काही काढून घेतलेलं नसतं. कोरड्या कागदात तंतूंच्या मधे हवा असते. तंतूंचा अपवर्तनांक, म्हणजे त्यांच्यात शिरताना प्रकाश किती मंदावतो आणि वळतो याचं माप, दीडच्या आसपास, हवेचा १. प्रत्येक तंतूच्या काठावर प्रकाश वळतो, असे हजार काठ पार करताना विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. तेलाचा अपवर्तनांक तंतूच्या जवळपास, १.४७ वगैरे. ते हवेची जागा घेतं, काठ प्रकाशापुरते पुसले जातात आणि तो सरळ निघून जातो. पांढरेपणा हा रंग नाही, तो अपवर्तनांकांचा बेबनाव आहे. एवढं पक्कं धरलंत की या काचेतलं निम्मं समजलं.

फिल्ममध्ये तेलाच्या जागी लिक्विड क्रिस्टलचे थेंब असतात. एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपासचे, पारदर्शक प्लास्टिकमध्ये अडकलेले, रव्याच्या केकमधल्या पोकळ्यांसारखे, पण भरलेले. या थराची जाडी साधारण २० मायक्रॉन. त्याच्या दोन्ही बाजूंना पॉलिएस्टरची फिल्म, आतून इंडियम टिन ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा वाहक लेप दिलेली. प्रत्येक थेंबात रेणू एका रोखाने उभे असतात, पण शेजारच्या थेंबाचा रोख वेगळा. आणि या रेणूंना अपवर्तनांक दोन असतात. ई-७ नावाचं एक जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं मिश्रण घ्या: रेणूला कुशीवरून भेटणाऱ्या, त्याच्या लांबीच्या दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला १.७५ च्या आसपास, आणि लांबीला आडवं कंपन असेल तर १.५२. भोवतीचं प्लास्टिक मुद्दाम १.५२ चं निवडतात.

वीज बंद असताना थेंबांचे रोख दहा दिशांना. प्रकाश कसाही कंप पावत येवो, पुढचा थेंब त्याला १.५२ पेक्षा वेगळाच भेटतो, बेबनाव होतो, काच पांढरी. साधारण ६० व्होल्टचा एसी दिला की सगळे रेणू काचेला काटकोनात उभे राहतात, म्हणजे प्रकाश येतो त्याच रेषेत. आता प्रकाश उभा कंप पावो की आडवा, रेणू त्याला डोक्याकडूनच दिसतो आणि दोन्ही कंपनांना १.५२ च मिळतो. प्लास्टिकशी तंतोतंत जुळला, काठ पुसले, काच स्वच्छ. पोलरायझर का नको, याचं उत्तर हेच. दोन्ही अवस्थांत दोन्ही कंपनांना सारखीच वागणूक आहे, त्यामुळे एकाला बाहेर काढून देणारा दरवान लागतच नाही. मुलाला सांगा, पेपरात कधी विचारलं तर हे वाक्य लिहून ये.

या फिल्मला पीडीएलसी (पॉलिमर डिस्पर्स्ड लिक्विड क्रिस्टल) म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनी पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकमध्ये असे थेंब बांधून पेटंट घेतलं. १९८६ मध्ये केंट स्टेट युनिव्हर्सिटीच्या विल्यम डोन यांच्या गटाने द्रावणातूनच थेंब वेगळे काढायची रीत छापली. आज बाजारात जे मिळतं ते बहुतेक या दुसऱ्या वाटेने, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली घट्ट केलेलं.

इथे बडोद्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ई-७ हे एकच रसायन नाही, चार रसायनांचं मिश्रण आहे. एकट्या रसायनाला मिळणारी लिक्विड क्रिस्टल अवस्था फार अरुंद असते. उदाहरणार्थ, त्यातलं ५सीबी साधारण ३५ अंशांला साधं द्रव होऊन बसतं. वैशाखात ते इथे दुपारी अकरालाच हात वर करेल. चार जण एकत्र आले की ही पट्टी रुंदावते, ५८-६० अंशांपर्यंत जाते. मिश्रणांचं हे शास्त्र घासून-पुसून तयार करणाऱ्यांत आपले डॉ. जे. एस. दवे होते. ड्यूअर यांच्याबरोबरचा त्यांचा मिश्र लिक्विड क्रिस्टलांवरचा शोधनिबंध १९५४ चा आहे, म्हणजे हाइलमायरच्या १४ वर्षं आधीचा. पुढे इथल्याच एम.एस. युनिव्हर्सिटीच्या अप्लाइड केमिस्ट्री विभागात ते आणि डॉ. आर. ए. व्होरा हे काम करत राहिले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनाचीच ती जागा, जिथे दादासाहेब फाळके शिकले. तुमच्या क्लिनिकपासून चालत जाता येईल. परदेशी फिल्म म्हणून रुबाब करणाऱ्या विक्रेत्याला हे जरूर ऐकवा.

आता तापमानाकडे येतो, कारण तुमच्या पश्चिमेच्या खिडकीचा निकाल तिथेच लागतो. आमच्याकडे फिल्म दोन काचांमध्ये घालून भट्टीत ठेवतात, मधलं ईव्हीए नावाचं प्लास्टिक वितळून चिकटावं म्हणून. भट्टी शंभराच्या पुढे जाते. अर्ध्या तासाने दार उघडलं की फिल्म दिसतच नाही. वीज नाही, काही नाही, तरी पलीकडची भिंत दिसते. नवीन पोरगं असेल तर त्याचा चेहरा पडतो, "सर, फिल्म जळली." मी म्हणतो, थांब. काच बाहेर काढून ओट्यावर ठेवली की कडा आधी गार होतात. चारही बाजूंनी दुधाची साय धरावी तसा पांढरेपणा आत सरकू लागतो, मधे एक स्वच्छ डबकं उरतं, ते लहान होत होत मिटतं. मी हे हजार वेळा पाहिलंय आणि अजूनही हातातलं काम सोडून बघतो. होतं ते असं: ठराविक तापमानाच्या वर रेणूंची शिस्तच संपते, दोन अपवर्तनांकांचा एकच होतो, बेबनाव बराच मिटतो. गार झालं की शिस्त परत येते आणि बेबनावही.

भट्टीत ही गंमत असते, खिडकीत फजिती. सुरुवातीच्या काळात मी एका दवाखान्याच्या पश्चिमेच्या खिडकीला अशीच फिल्म लावून दिली. पुरवणाऱ्याने ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहून दिलं होतं, आणि मी हवेचं तापमान ४३ धरून निश्चिंत होतो. मे महिन्यात दुपारी साडेचारला डॉक्टरांचा फोन: "अहो, बटण बंद आहे आणि तरी रस्ता दिसतोय." जाऊन पाहिलं. काचेवर ऊन सरळ, आत बंद खोली, मागे गडद रंगाचा पडदा. पडद्यालगत काच इतकी तापलेली की हात ठेववत नव्हता. मधोमध हातभर रुंदीचा पट्टा चक्क पारदर्शक, कडांना पांढरी चौकट. आत पेशंट. मी ओल्या फडक्याने काच पुसत राहिलो आणि पट्टा मिटेपर्यंत डॉक्टर पडदा धरून उभे. ती काच मी स्वखर्चाने बदलून दिली. तेव्हापासून हवेचं तापमान विचारणं सोडलं, काचेचं विचारतो. आता जास्त तापमानाच्या फिल्म मिळतात, पण पश्चिमेच्या सरळ उन्हात त्याही मी सुचवत नाही. ऊन नुसतं तापवत नाही, त्यातला अल्ट्राव्हायोलेट प्रकाश प्लास्टिकला पिवळं करतो.

तरीही समजा, काच टिकली. मग ऊन अडेल का? नाही. आणि विकणारे नेमकी हीच गोष्ट लपवतात किंवा त्यांनाच ठाऊक नसते. काच पांढरी होते तेव्हा प्रकाश खोलीत येणं थांबत नाही, त्याची वाट फक्त मोडते. मायक्रॉनभर थेंब प्रकाश मागे फारसा फेकत नाहीत, पुढच्या बाजूलाच इकडे-तिकडे पसरवतात. धुक्यात गाडीचा दिवा लागल्यावर समोरच्याला झगमग दिसते, दिवा विझत नाही. लक्समीटर काचेच्या आतल्या बाजूला टेकवून बटण चालू-बंद करून पाहा: माझ्या हाताखालून गेलेल्या काचांत फरक चौथ्या-पाचव्या हिश्श्याचा पडतो, तेवढाच. उष्णतेची कथा जवळपास तीच. उलट, पूर्वी जमिनीवर पडणारा उन्हाचा कवडसा आता सगळी काच पेटवतो. समोर बसलेल्या माणसाला ते जास्त त्रासदायक. नजर अडवणं वेगळं आणि ऊन अडवणं वेगळं. ही काच पहिल्या कामाची.

ऊन अडवायचं असेल तर प्रकाश गिळावा लागतो किंवा परतवावा लागतो. पोलरायझरशिवाय लिक्विड क्रिस्टल दोन्ही करू शकतो, पण ते वेगळे डबे.

गिळण्याचं आधी. लिक्विड क्रिस्टलमध्ये असे रंग मिसळतात ज्यांचे रेणूही लांबट असतात आणि लांबीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाशच पितात. लिक्विड क्रिस्टल यजमान, रंग पाहुणा: यजमान वळला की पाहुणाही वळतो. कल्पना हाइलमायर यांचीच, पण तिच्यात एक अडचण होती. सगळे रंगाचे रेणू एका दिशेला आडवे झोपले तर ते एकाच दिशेचं कंपन पितात, दुसरं निम्मं सुखरूप पार. म्हणून त्यांना निदान एक पोलरायझर लावावा लागला. १९७४ मध्ये व्हाइट आणि टेलर या दोघांनी तो काढून टाकला. त्यांनी यजमानाला अनेक फेऱ्यांचा पीळ दिला, जिन्याच्या पायऱ्यांसारखा, म्हणजे रंगाचे रेणू थरागणिक सगळ्या दिशांना तोंड करून बसले. आता कुठलंही कंपन येवो, कोणत्या ना कोणत्या पायरीवर प्यायलं जाणारच. व्होल्टेज दिलं की जिना उलगडतो, सगळे उभे राहतात आणि प्रकाश जातो. दुसरा उपाय म्हणजे असा रंग मिसळलेल्या, एकमेकींना काटकोनात धरलेल्या दोन पेट्या. या तत्त्वावर खरोखरच सावळ्या होणाऱ्या खिडक्या बनतात. त्या पांढऱ्या होत नाहीत, गडद होतात, आणि पलीकडचं दृश्य कायम दिसतं. म्हणजे तुमच्या तपासणीच्या खोलीला बिनकामाच्या! शिवाय गिळलेलं ऊन काचेतच उष्णता होऊन बसतं, म्हणून ती दुहेरी काच असावी लागते आणि रंग उन्हात टिकणारा. अँथ्राक्विनोन जातीचे रंग ॲझो रंगांपेक्षा सहसा जास्त टिकतात. विमानाच्या गडद होणाऱ्या खिडक्या मात्र यातल्या नाहीत हं. बोइंग ७८७ च्या खिडक्या इलेक्ट्रोक्रोमिक असतात, तिथे रासायनिक क्रिया होते, लिक्विड क्रिस्टल नाही.

परतवण्याची जात तुमच्या घरात बहुतेक आहेच. मंगळ बाजारात मुलांची ती काळी लिहायची पाटी मिळते, नखाने ओढलं की हिरवी रेघ उमटते, बटण दाबलं की सगळं पुसतं. तो पोलरायझर नसलेला लिक्विड क्रिस्टलच, कोलेस्टेरिक जातीचा. १८८८ मध्ये राइनित्झर यांना गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेल्या बेंझोएटमध्ये दोन वितळणबिंदू दिसले, १४५.५ आणि १७८.५ अंश, तेव्हा हा सगळा संसार सुरू झाला. ही त्याच घराण्याची जात. यात पीळ इतका घट्ट असतो की एका फेरीची लांबी प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी होते, आणि त्या लांबीचा रंग परत फेकला जातो. नखाच्या दाबाने थर वाहतो, पिळाचे अक्ष काचेला काटकोनात सरळ उभे होतात, हिरवं परततं. बटणातून झटका गेला की अक्ष विस्कटून आडवे होतात, हिरवं परतणं थांबतं आणि मागचा काळा रंग दिसतो. दोन्ही अवस्था विजेशिवाय टिकतात. म्हणून तिच्यातला बटणसेल वर्षानुवर्षं चालतो, फक्त पुसण्यापुरता लागतो. मुलाला म्हणावं, हिरवी रेघ अगदी तिरप्या नजरेने बघ, निळसर होईल. ती रंगाने रंगलेली नाही, पिळाच्या अंतराने रंगली आहे, याचा तो पुरावा. मर्यादा एकच: पीळ डावा तर ज्याचं कंपन डावीकडे गोल फिरत जातं तोच प्रकाश परततो, उजवीकडे फिरणारा आरपार. निम्म्याच्या वर एका थराला जमत नाही.

तेव्हा पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा, नाहीतर वाळ्याचा पडदा. मी काचेचा धंदा करतो आणि हे सांगतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर ते अडलं. आत आल्यावर त्याच्याशी भांडण महाग पडतं.

मधल्या काचेला मात्र पीडीएलसी जरूर लावा, पण तिच्या खोड्या आधी समजून घ्या. पांढरी असताना हात काचेपासून दोन बोटांवर धरला तर पलीकडून पाचही बोटं मोजता येतात. फूटभर मागे नेला तर नुसता डाग, तीन फुटांवर काहीच नाही. शिवाय हे उजेडावर अवलंबून आहे. आतला दिवा प्रखर आणि बाहेरची जागा अंधारी असेल, संध्याकाळी असते तशी, तर काचेजवळ उभ्या माणसाची आकृती ठळक उठते. तपासणीचं टेबल काचेपासून निदान चार फूट आत घ्या आणि दिवा टेबलाच्या मागे न लावता काचेच्या बाजूला, छताला लावा. माझ्या अनुभवात या काचेच्या तक्रारींतल्या निम्म्या तक्रारी दिव्याच्या जागेच्या असतात.

दुसरी खोड, स्वच्छ असताना तिरप्या नजरेने ती धुरकट दिसते. समोरून बघताना रेणू डोक्याकडून दिसतात, बाजूने बघितलं की थोडे कुशीवरून दिसू लागतात आणि १.५२ चा मेळ बिघडतो. हा दोष नाही, पण गिऱ्हाईक 'डिफेक्टिव्ह पीस' म्हणून भांडतं. दुकानात नमुना बघताना नेहमी तिरपा बघा. समोरून सगळेच चांगले दिसतात.

वीज नेहमी एसी. रेणूला व्होल्टेजची दिशा कळत नाही, जोर कळतो, त्यामुळे दर अर्ध्या सायकलला उलटणाऱ्या विजेनेही तो तसाच उभा राहतो. डीसी दिला तर आयन एका बाजूला जाऊन साचतात आणि फिल्मवर डाग धरतात. इलेक्ट्रिशियनला सांगा, हा दिवा नाही, कपॅसिटर आहे, चौरस मीटरला काही मायक्रोफॅरडचा. घरची २३० व्होल्टची वायर थेट लावली तर फिल्ममध्ये ठिणगी पडते आणि टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका कायमचा राहतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवालाच ड्रायव्हर घ्या. खर्चाचं म्हणाल तर चौरस मीटरला पाचेक वॅट. तुमची चार बाय सात फुटांची काच दिवसाला दहा तास स्वच्छ ठेवली तर आठवड्याला युनिटभर. रात्री शांततेत कान लावलात तर ती हलकी गुणगुणते. पन्नास सायकलची वीज फिल्मला सेकंदाला शंभर वेळा किंचित दाबते, म्हणून. त्याला इलाज नाही आणि घाबरण्याचंही कारण नाही.

लाइट गेली तर? काच पांढरी होते, आणि तुमच्या कामाला तेच हवं. यापेक्षा उलटी जातही मिळते, विजेशिवाय स्वच्छ आणि वीज दिल्यावर पांढरी. तिच्यात तिरपा धूरही कमी असतो, आणि दिवसभर स्वच्छच ठेवायची काच असेल तर वीजही वाचते. पण पेशंट टेबलावर असताना लाइट गेली की ती स्वच्छ होईल. फिजिओथेरपीच्या खोलीला ती नको म्हणजे नकोच.

बसवताना एवढंच बघा की कडेला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कोणी भरत नाही. तो ॲसिटिक आम्लाचा वास असतो, आणि ते आम्ल कडेने आत शिरून वाहक लेप आणि तांब्याची पट्टी खातं. वर्षभरात कडेपासून आत न पेटणारी, कायम पांढरी पट्टी वाढत जाते. न्यूट्रल सिलिकॉन मागा, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. आणि नुसती चिकटवायची फिल्म स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. दवाखान्यात रोज स्पिरिटने पुसणार, तर ती दोन काचांच्या आत बंदच हवी.

बटण मात्र आतल्या बाजूला, तुमच्या हाताशी, आणि दीड मीटरच्या वर. एका ठिकाणी मी ते सोयीचं म्हणून बाहेर, बसायच्या जागेच्या भिंतीवर दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी कोणाचा तरी चार वर्षांचा नातू कंटाळून ते दाबत बसला: पांढरी, स्वच्छ, पांढरी, स्वच्छ. आत आजोबा पाठ उघडी टाकून पालथे, आणि बाहेर बसलेले सात-आठ जण माना वळवू की नको या पेचात.